बर्फाच्या पावतीमागे

देवगड बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात
खिडकीशी मी बसते. सव्वीस वर्षं.
लाद्या मोजायच्या, बोटीचं नाव लिहायचं, पावती फाडायची.
माझं अक्षर सगळ्या तांडेलांना लागतं.
माझ्या हाताचं कौतुक काय ते एवढंच.

जुलैत बंदी. बोटी झापांनी शाकारलेल्या,
किनाऱ्यावर आजाऱ्यांसारख्या कुशीवर.
यंत्र मात्र थोडं चालू ठेवावंच लागतं,
आणि अमोनियाच्या पाइपावर
बोटभर जाडीचं पांढरं हिव चढतं.
एका दुपारी मी त्यावर नख ओढलं. उगीच.
एक रेघ पाठीची, एक पोटाची.
शेपटीपाशी दोघी भेटल्या तेव्हा
मी आधी मागे वळून पाहिलं,
कोणी बघत तर नाही.

बांगडा होता.
तासाभरात नवं हिव चढलं, तो गेला.
बरं वाटलं.
मागे पुरावा नव्हता.

सातवीत मी समुद्र गढूळ रंगवला होता.
ऑगस्ट होता, खाडी तांबडी माती आणत होती,
वर्गातून दिसला तसा काढला.
मिठबावकर गुरुजींनी कागद उंच धरला:
"हिच्याकडे समुद्रात चहा ओततात!"
हसण्यात माझी मैत्रीण सर्वांत पुढे.

आबांनी तो कागद चुलीत घातला नाही.
घातला असता तर सांगायला तरी बरं.
त्यात सुकट बांधून त्यांनी शेजारी दिली.
आणि एलिमेंटरीच्या परीक्षेची फी मागितली तेव्हा
जाळ्यातली सुई न थांबवता म्हणाले,
"चित्रां काढून पॉट भरतला काय गो?"
आवाज चढवला नाही.
चढवला असता तर मी भांडले असते.

ते गेल्यावर त्यांची ट्रंक मीच उपसली,
पार तळापर्यंत.
गोष्टींत सापडतो तसा जपून ठेवलेला कागद
सापडला नाही.
डिझेलची बिलं, आईची एक बांगडी, डांबरगोळ्या.

हिवावरून मी पावत्यांच्या पाठीवर आले.
आधी करवंटीचा कोळसा, मग ऑफिसचं बॉलपेन.
दोरखंडाचं वेटोळं, बर्फाचा आकडा,
मांजर, जे कधी एका जागी ठरत नाही.
हात गंजल्या कप्पीसारखा कुरकुरायचा
आणि कानात ती सुई: भरतला काय, भरतला काय.
नाही भरत, आबा, मी म्हणायचे
आणि मांजराचा कान पुन्हा काढायचे.

नारळी पुनवेच्या आधी नेपाळचे खलाशी परतले.
दिलबहादूरच्या हातात पावती उलटी पडली.
पाठीवर तोच होता, गेल्या हंगामातला,
खांद्यावर लादी, मान तिरकी.
खूप वेळ पाहिलं त्याने.
"नाक एवढा मोठा नाय माझा."

पोटात धस्स. तीच बाकं, तेच हसणं.
मी पावती चुरगाळायला घेतली.
तो मात्र खिडकीच्या गजाला टेकला,
चेहरा माझ्याकडे वळवून उभा राहिला.
"नीट बघा. परत काढा. घरी पाठवायचा हाय."
मागची रांग शिव्या देत होती,
लाद्या पाझरत होत्या.
कोणी मला नीट बघ म्हणालं नव्हतं कधी,
खाली बघ म्हणाले होते.

चौथ्या खेपेला जमलं. नाक तरी थोडं मोठंच.
घेऊन गेला.

जामसंड्याच्या दुकानात रंगांची पेटी मागितली.
दुकानदार म्हणाला, "मूल कितवीत आहे, ताई?"
"सातवीत," मी म्हटलं.

आज रविवार. खिडकीत जुनी बशी, पाणी,
पिवळा, त्यात तांबडा, काळ्याचं एक बोट.
बाहेर खाडीच्या तोंडाशी लाटा माती ओढतायत.
खरंच चहासारखा दिसतो.
गुरुजींची नजर वाईट नव्हती म्हणायची.
बशी उचलून मी समुद्राशी ताडून पाहते.

अजून थोडा तांबडा हवा.